दुसरा हात

पश्चिमेच्या भिंतीला ओल आली
तेव्हा आम्ही तिला आतून रंग दिला.
पुढच्या वर्षी पुन्हा दिला.
तिसऱ्या वर्षी कपाटामागे नकाशा उमटला,
कुठल्याच देशाचा नसलेला,
आणि हिवाळी कोटाला बुरशीचा वास.
मग गेथिनला फोन केला.

गेथिन गिलावा करतो. इथलाच, रुआबनचा.
बोटांनी भिंत वाजवून बघतो
जुने डॉक्टर छाती वाजवायचे तशी.
मी हॉस्पिटलात क्ष-किरण विभागात आहे,
आम्हाला वाजवावं लागत नाही.
म्हणाला, वीट ठणठणीत आहे, दरजा गेल्यात.
पाऊस विटेतून येत नाही, दोन विटांच्या मधून येतो.
हे माझ्या माहेरालाही लागू आहे,
पण ते मी बोलले नाही.

परांची चढली.
घर आमचं जोडघर, मधोमध एक न दिसणारी रेघ.
अलीकडे आम्ही. पलीकडे मिस्टर प्रिचर्ड,
वय सत्त्याऐंशी, पंधराव्या वर्षापासून वीटभट्टीवर.
त्यांच्या गावची माती, त्यांच्या गावचा लाल,
आणि मी त्यावर बिस्किटी थापायला निघालेली.
रीतसर चिठ्ठी टाकली होती. उत्तर नाही.
फक्त रोज दहाला कप घेऊन फाटकाशी उभे,
मान वर, ओठ हलताहेत.
मला वाटलं, शिव्या. वेल्शमध्ये.

सोमवारी गेथिनने भिंत भिजवली, पहिला हात मारला,
आणि ओला असतानाच त्यावर दाते ओढले,
आडवे, नागमोडी, चांगलं पुसून घेतलेलं बिघडवल्यासारखे.
मी बघतच राहिले.
‘दुसऱ्याला धरायला काहीतरी हवं ना,’ तो म्हणाला.
आमच्याकडे थराला हात म्हणतात, मी सांगितलं.
त्याने आपला तळवा बघितला. सिमेंटने भेगाळलेला.
‘मग दोनच पुरेत.’

दुसरा हात शनिवारी.
साडेतीनला लँगोलेनच्या बाजूने आभाळ काळं झालं,
वाऱ्याने गेथिनचं ताडपत्र उचललं
आणि थेट चर्चच्या भिंतीपलीकडे नेऊन टाकलं.
भिंत ओली. हात लावला तर बोट उमटेल अशी.
गेथिन वर, मी खाली, दोघंही नुसतेच ओरडतोय,

तेव्हा मिस्टर प्रिचर्ड आले.
दोन्ही हातांत मावत नव्हते इतके पडदे.
जाड, मागून रबर लावलेले,
नारिंगी फुलांचे, मधेच कुठेतरी उन्हाने उडालेले.
‘मेन्नाचे,’ एवढंच म्हणाले.
कपड्यांचे चिमटेही तिचेच असणार.
आम्ही ते परांचीला टांगले,
भिंतीपासून वीतभर लांब, ती सांगत होती तसे.
ती म्हणजे भिंत, असं मला म्हणायचंय.

रात्रभर आमच्या घराला बाहेरून पडदे.
रस्त्यावरून जाणाऱ्या एका पोराने फोटो काढला.

पाऊस थांबेना. आम्ही त्यांच्या दारात उभे,
तिघं, एका बल्बखाली.
ते म्हणाले, ‘चार हजार सातशे अडतीस.’
काय?
‘विटा. तुमच्या बाजूच्या. दारं-खिडक्या सोडून.
अर्ध्या, अर्ध्याच धरल्यात.
नंतर मोजता आल्या नसत्या.’

गेथिन बुटांकडे बघत राहिला.

आता भिंत कोरडी आहे. कपाट सरकवून
मी अजूनही आठवड्याला एकदा बघते.
बाहेरून अर्धं घर लाल, अर्धं बिस्किटी,
मधली रेघ आता सगळ्यांना दिसते,
पोस्टमन तर म्हणतो, आता पत्रं चुकणार नाहीत.
आकडा मी मीटरच्या पेटीच्या झाकणाला
आतून लिहून ठेवलाय, पेन्सिलीने.

पडदे धुऊन, इस्त्री करून परत दिले.
मिस्टर प्रिचर्डनी मोजले.
एक कमी आहे म्हणतात.
मी ताडपत्र गेलं त्या दिशेला जाऊन आले दोनदा.
परत जाईन.