घुंगरू परत

पान एकशे अठरा, मागची बाजू.
शाई गंजून तांबूस झालेली.
'एका बाईला, कोंबडीबद्दल, एक घुंगरू.
तिने ते परत केले.'
एवढंच.
खाली लगेच दोरखंड, शिसं,
तापानं पडलेल्या खलाशासाठी साखर.

सेव्हिलमधला हा माझा तिसरा हिवाळा.
इथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल.
हात कोरडे हवेत.

हिशेबनीस ओर्दुन्या,
तुझं अक्षर ओळखीचं झालंय आता.
भुकेच्या दिवसांत तुझे काने आखूड होतात,
ताप चढला की ओळी उताराला लागतात.
आमच्या माणसांना तू 'रंगवलेले' लिहिलंस.
रंग नव्हे रे, गोंदण होतं ते.
काजळी, सुई, मग आठ दिवस सूज,
आणि सूज उतरली की गावाला दाखवायचं.
तुझी चूक टिकली, कागदावर होती म्हणून.
आमचं बांबूवर होतं,
सुरीच्या टोकानं कोरलेलं.
ते चुलीत गेलं, वाळवीत गेलं,
कुणाच्या तरी कुंपणात गेलं.

म्हणून तुझ्या पाठीमागे उभी राहून
तुझ्या खांद्यावरून बघते मी किनाऱ्याकडे.
तू बाजूला सरकत नाहीस.

कसरीनं तिचं नाव खाल्लं, असंही म्हणता येत नाही.
कसरीची भोकं समासात आहेत.
नाव तू विचारलंच नव्हतंस.

का परत केलं असेल?
फुटकं होतं? वाजेना?
लोखंड हवं होतं तिला, सुरीपुरतं?
की रात्री ते घरात आपोआप वाजलं
आणि म्हातारा सासरा म्हणाला, आधी हे बाहेर काढ?
तीन विद्वानांची तीन मतं आहेत,
तिन्ही तळटिपांत, बारीक टाइपात.

रविवारी आईला फोन केला, मियागावला.
तिच्यामागे कोंबड्यांचा कलकलाट.
ती ओळ मी आमच्या बोलीत वाचून दाखवली.
आईनं क्षणभरही घेतला नाही.
'अगं, खुडूक असेल ती कोंबडी.
घरी गेल्यावर कळलं असेल तिला,
अंडी गार पडतायत.
कोंबडीच मागायला आली असेल ती.'

सोमवारी पुन्हा तोच गठ्ठा मागवला.
पुढची चौदा पानं बोट न लावता वाचली.
खिळे. मेण. दोन बकऱ्या. एक दफन.

कोंबडी परत दिल्याची नोंद नाही.