पोतं

शिरोड्याच्या बाजारात, कामाक्षीच्या वाटेवर,
माझं दुकान म्हणजे एक यंत्र आणि दीड खिडकी.
डिसेंबरात ती आली, एवढी उंच
की चौकटीला आपोआप नमस्कार घडावा,
आणि म्हणाली, सदरा शिवायचाय.
फुटबॉलचा. केशरी.

नाव विट्स्का. आडनाव मला अजून जमत नाही.
थोडं इंग्रजी, चिमूटभर कोकणी,
उरलेलं टेपनं सांगायचं.

केशरी कापडाला आमच्याकडे तोटा नाही.
शिगम्याची निशाणं, देवळाच्या पताका.
मी एकेक तागा उलगडला: शेंदरी, भगवा, अबोली,
पिकल्या सुपारीचा, झेंडूचा.
ती मान हलवत राहिली.
शेवटी माझ्या डब्याकडे बोट दाखवलं,
गाजराच्या कोशिंबिरीकडे.
तो रंग फोंड्याहून यायला चार दिवस लागले.

जुना आण, मी म्हटलं, नमुन्याला.
नमुना नव्हता.
देशासाठी एकेचाळीस सामने
आणि कपाटात एकही सदरा नाही.
शेवटची शिट्टी वाजली की एक माणूस
पोतं घेऊन दारात उभा राहायचा.
घामासकट मोजून घ्यायचा. सोळा.
परवा ते मुलग्यांच्या संघाला लागत.
मुळात मापही त्यांचंच.
खांदा दंडावर, बाही कोपराखाली.
"शीड," ती म्हणाली, गाल फुगवून, "वारं भरायचं."

सकाळी सायकलवरून टपाल वाटायचं,
सामन्यांना बिनपगारी रजा.
एकदा नॉर्वेहून रात्रभर बोटीनं परतून
त्याच सकाळी घरोघर पत्रं टाकली.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, लंगडतेस का?
कुत्रा चावला, म्हणाली.
खरं सांगितलं असतं
तर त्याला कुत्र्यापेक्षा नवल वाटलं असतं.

सगळ्या सामन्यांत मिळून एक गोल.
तोही गुडघ्याला लागून गेलेला.
पुढं त्याच गुडघ्यानं घरी बसवलं.

मी माप घेतलं. छाती, खांदा, उंची.
सदऱ्याला गुडघा लागत नाही, तरी नजर गेली.
खालपर्यंत उतरलेली शिवण,
टाके लांब, अंतर सारखं नाही.
"हे कुणी घातले? घाईत घातलेत."
ती इतकी हसली की टेप सुटली हातातून.

मग मीही सांगितलं, सांगायचं नव्हतं ते.
की मरडातल्या कापलेल्या शेतात
दोन चपलांच्या मध्ये मी उभी राहायची,
फ्रॉकच्या ओच्यात चेंडू अडवायची.
आईनं दुमड सोडली, आधी दोन बोटं,
मग चार. मग फ्रॉकच गेला.
तिला किती कळलं ठाऊक नाही.
ओचा कळला. हातानं करून दाखवला तिनं, तसाच.

पाठीवर पाच नंबर, पांढऱ्या पॉपलीनचा.
दुहेरी शिवण मारली, उसवणार नाही अशी.
काखेत जरा सैल ठेवलं,
एकसष्टाव्या वर्षीही कुणी हात उंचावेल म्हणून.

रविवारी शेतात पोरी जमल्या.
पोदेराची जोविटा, बांधावरची सुकांती,
अजून आठदहा, धसकटांनी घोटे खरचटलेल्या.
विट्स्का मागेच खेळली, फार पळाली नाही.
चेंडू येणार तिथं आधीच उभी असायची,
उधारी मागायला आल्यासारखी.
जोविटा दोनदा आडवी झाली, तिसऱ्यांदा
तिला चुकवून गेली,
तर शाबासकी मारली म्हातारीनंच, पाठीत, जोरात.

उन्हं उतरली. कुणीतरी तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवली.
पोरी पाण्याकडे धावल्या.
ती बांधाशी आली, आत बनियन होती,
सदरा डोक्यावरून काढला,
बाह्या आत, घडी चौकोनी,
आणि दोन्ही हातांवर धरून
इकडंतिकडं पाहू लागली,
कुणाकडे द्यायचा म्हणून.

मी सगळ्यांत जवळ होते.
हात पाठीमागे बांधले
आणि तशीच उभी राहिले.