तळघरातलं पाणी

नेझिहे, जपून उतर, तिसरी पायरी हलते.
कोट खुंटीला लाव.
वर बोट्रोपमध्ये उणे चार असेल,
इथे काचांना घाम फुटलाय.

आधी मासे नकोत.
आधी नुसतं पाणी पाळायचं, पाच-सहा आठवडे.
टाकी रिकामी, गाळणी चालू, आत कुणी नाही,
आणि तू हॉस्पिटलातून येऊन तिच्यासमोर बसायचंस.
घरचे हसतील. हसू देत.
स्पंजच्या भोकांत डोळ्यांना न दिसणारं काहीतरी
बिऱ्हाड मांडत असतं,
ते रुळल्याशिवाय डिस्कस आणणं म्हणजे
चूल पेटण्याआधी पंगत बसवणं.

मग घे. दोन नको, सहा घे.
दोघांत एक मारतो, दुसरा कोपऱ्यात काळा पडतो.
सहांमध्ये मार वाटला जातो.
हे मला खाणीत कळलं होतं,
माशांनी फक्त दुजोरा दिला.

आमच्या नळाचं पाणी म्हणजे अर्धा दगड.
किटलीच्या पोटात बोट फिरवून बघ.
मासे सोसतात, अंडी सोसत नाहीत.
म्हणून ही गाळणी, थेंब थेंब मऊ पाणी,
आणि हे निळं पिंप, रात्रभर भरत राहतं.

एकतीस वर्षं मी जमिनीखालचं पाणी वर उपसलं.
पंपावरचा माणूस; कोळशाला हात कमीच लागला.
खाण मिटली, पंप अजून चालतात,
थांबले तर म्हणे गल्ल्यांची तळी होतील.
आणि म्हातारपणी मी बादल्यांनी पाणी खाली आणतोय.
हेडविग म्हणायची, अल्फोन्स, तुझी उलटी पाळी लागली.

ही सात नंबरची जोडी.
जोडी मी लावली नाही. ती लागली.
एके दिवशी दोघं मातीचा सुळका चाटूनपुसून घासायला लागली,
अंगातून थरथर, जणू जवळून मालगाडी गेली.
अंडी घातली. खाल्ली.
पुन्हा घातली. पुन्हा खाल्ली.
चार वेळा.
अंडी काढून घेता येतात, ताटलीतही वाढतात पिल्लं.
वाढवली होती मी एकदा. देखणी निघाली,
पण आईबाप होणं त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.
पाचव्या वेळी खुर्ची फिरवली
आणि टाकीकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचलं.

एवढं लक्षात ठेव:
पिल्लं सुटी पोहू लागली की रात्री काळोख करायचा नाही.
लहानसा दिवा राहू दे. हा माझा खाणीतलाच आहे.
पहिल्या रात्री त्यांना आईचं अंग सापडलं नाही
तर सकाळी मोजायला काही उरत नाही.

अंगच खातात ती, हो.
कातडीवर साय धरते, तीच त्यांचं दूध,
आईच्याही, बापाच्याही.
एकाला पुरेसं झालं की तो अंग झटकून निघून जातो,
आणि सगळा थवा दुसऱ्याकडे.

माझी पाळी पहाटेची, हेडविगची बेकरी रात्रीची.
मारेक चार महिन्यांचा.
साडेचारला, या वरच्याच जिन्यात,
ती पिठाच्या हातांनी यायची, मी डबा घेऊन निघालेला,
आणि मधल्या पायरीवर पोरगं
या खांद्यावरून त्या खांद्यावर.
बोलायला वेळ नसायचा. "प्यायला." "नाही प्यायला." एवढंच.
आता तो हॅम्बुर्गहून विचारतो,
बाबा, विजेचं बिल एवढं कशाचं?

दोन आठवड्यांनी पिल्लं वेगळी करायची.
उशीर केलास तर आईबापांच्या अंगावर जखमा होतात,
तरी ती हटत नाहीत.
मी तारीख भिंतीवर खडूने लिहितो,
आणि दरवेळी एक दिवस पुढे ढकलतो.

थांब. हलू नकोस.
काचेला बोट लावू नको.
बाप कंटाळलाय, कल्ला बघ.
आत्ता झटकेल.