बिनहुकूम

नाशिकरोड, प्रेसचा क्लब, गुरुवार.
समोर गायधनीबाई:
जन्मभर कोऱ्या नोटा मोजलेली बोटं
तेरा पानं एका झटक्यात उघडतात.

माझ्याकडे इस्पिकचा राजा,
जोडीला नुसती दुर्री.
टेबलावर उघडा पडला असता
तर उजवीकडूनच टोचला असता त्याला.

बाईंचा हात माझ्याहून भारी.
तरी "तीन किलवर" म्हणाल्या
आणि चष्मा पुसत बसल्या.
बराच वेळ.
मग मीच म्हणालो, "तीन बिनहुकूम."

खैरनारांची उतारी: इस्पिकची पंजी.
फिरत फिरत माझ्यापर्यंत आली,
सगळ्यांत शेवटी. राजा जगला.

तोवर बाईंनी एक्के-राण्या ओळीत मांडलेल्या.
"मला कुठे काय झाकायचंय," म्हणाल्या,
आणि चहा सांगायला उठल्या.

नऊ हात झाले का,
आल्यावर विचारलंही नाही.