पिठाच्या डब्यातली किल्ली

गाडी धौलपूरच्या अलीकडे उभी आहे,
शार्दूलचा निरोप आला तेव्हा सात वाजले होते.
"कोहरा," माई म्हणाल्या, आणि पडदा ओढून घेतला,
नाहीतर तो आत येऊन सोफ्यावर बसला असता.

माझ्या लग्नाला चार महिने.
पुण्याहून मी दोनच वस्तू हट्टाने आणल्या,
बिडाचा तवा आणि हा कन्सोल.
लोकरीला इथे 'ऊन' म्हणतात, हे आल्यावर कळलं;
जानेवारीच्या ग्वाल्हेरात माई
मांडीवर ऊन घेऊन बसतात, आणि हसत नाहीत.

"खेळ तुझं ते भुताचं," म्हणाल्या,
"पण मग माझा सिनेमा. पूर्ण. मध्ये उठायचं नाही."

टेकडीवरचं बंद पडलेलं प्रसूतिगृह.
टॉर्च अर्ध्यावर. जिना. भिंतींना ओल.
वर कुणीतरी खाट ओढतंय
आणि थांबतंय, मी थांबले की.
माझ्या हातातून कंट्रोलर निसटतोय,
शेजारी माई टाके मोजतायत,
बावीस, तेवीस, "मागे आहे बघ तुझ्या," चोवीस.

ती आली. ओले केस, अनवाणी, पाठमोरीच चालत.
मी किंचाळले.
माई म्हणाल्या, "एवढ्या थंडीत हिला कुणी शाल तरी द्या."

किल्ली सापडेना. कपाटं, गाद्या, घड्याळामागे.
तीनदा मेले.
"स्वयंपाकघर कुठेय ह्यांचं? तिकडे चल.
तो डबा उघड. तो नाही गं, पिठाचा.
बाईमाणसाची किल्ली पिठातच असते."

होती.

पुण्यातले माझे चार मित्र हिच्यापायी दोन रात्री जागलेत,
त्यांना मी हे सांगणार नाही.
माईंना विचारावंसं वाटलं, कुठली किल्ली,
कुणापासून,
पण त्यांनी गजकचा डबा पुढे सरकवला होता
आणि मी एक तुकडा घेतला.

नऊला त्यांचा सिनेमा.
तो सायकली दुरुस्त करतो.
ती आपल्याच चाकातली हवा सोडते
आणि ढकलत त्याच्या दुकानात नेते.
तिसऱ्यांदा त्याला कळतं, आपल्यालाही दिसतं कळलेलं,
आणि तो काही न बोलता पंप उचलतो.
तिथे माईंच्या सुया थांबल्या.

मग शटर अर्धं खाली, दोघं जवळ.
"आवाज कमी कर," माई म्हणाल्या, "खाली टेंब्यांकडे ऐकू जाईल."
दोन तास मी गळा काढून ओरडत होते
तेव्हा टेंबे बहिरे होते बहुतेक.
मी बंद पंख्याकडे पाहत राहिले, त्या लोकरीकडे,
पडद्यावर काय झालं ते दोघींनाही सांगता येणार नाही.

"येतोच अर्ध्या तासात," तो तिला म्हणाला,
साधंच, सुटे भाग आणायला निघालेला,
आणि माईंनी माझं मनगट धरलं.
ओल्या केसांची आली तेव्हा धरलं नव्हतं.
"येतो तो, माई. सिनेमा आहे."
"हो. असंच म्हणून निघतात."

आला. चांगला हसत आला, पिशवी घेऊन.
माई नाक पुसत म्हणाल्या, "काही दम नाही सिनेमात,"
आणि नावं संपेपर्यंत बसून राहिल्या.

पावणेबाराला निरोप: मुरैना.
एवढ्यात माणूस चालत आला असता.
मी दुधाखालचा गॅस पुन्हा लावला.

रजईत शिरताना माई म्हणाल्या,
"ती तिथेच आहे ना अजून?"
कोण?
"ती गं. किल्ली मिळाली, दार कुठे उघडलं आपण?"
सेव्ह केलंय म्हटलं, उद्या तिथूनच पुढे.
"मग उद्या आधी तेच. बाहेर पडू दे बिचारीला."

खेळात ते दार माझ्या सुटकेचं आहे,
तिच्या नाही. मी बोलले नाही.

माईंनी उठून गॅलरीतला दिवा लावला.
त्या धुक्यात तो दोन हातांपलीकडे
कुणाला दिसणार होता.