अपूर्ण काळ, संध्याकाळी सहा ते सात

साखळीच्या बाजारात, बेकरीच्या माडीवर
माझा इंग्रजीचा वर्ग.
खालून उंड्यांचा वास जिना चढून येतो
आणि फी न भरता बसतो.

शाळेत आम्ही याला अपूर्ण वर्तमानकाळ म्हणायचो.
अपूर्ण म्हणजे राहून गेलेलं काही,
गृहपाठ, नाहीतर मागच्या भिंतीचं प्लास्टर.
इंग्रजीत नुसतं शेपूट आहे, आय-एन-जी.
लावलं की क्रियापद थांबायचं विसरतं.

शाबी गावस खाणीवर टिपर चालवायचा.
आता त्याला दुबईला जायचंय.
मी सांगते, 'चालवत होतो' हे वाक्य एकटं उभं राहत नाही,
मध्ये काहीतरी यावं लागतं,
फोन वाजावा, वीज जावी, कुत्रं आडवं यावं.
शाबी लिहितो:
आय वॉज ड्रायव्हिंग व्हेन माइन स्टॉप्ड.
'द' राहिला होता.
लाल पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

नो, लव्ह, हॅव,
यांना शेपूट लावायचं नाही, ही बसून असतात.
"मग आय ॲम हॅविंग फीवर चूक?" सुलक्षा विचारते.
ती वॉर्डात रात्रपाळी करते.
"ताप कुठे बसून असतो, मॅडम?
दर तासाला लिहिते मी. चढत असतो, उतरत असतो."
नियम मला पाठ होता.
त्या क्षणी कामाचा नव्हता.

फर्मिनाचा नवरा तारवटी.
तिचं वाक्य: ही इज कमिंग.
तारीख घाल, मी म्हणते, शुक्रवार वगैरे,
मग हाच काळ उद्याचा होतो.
तिनं तारीख घातली नाही.
तशीही चूक काढता येत नव्हती.

शेवटी हॅज बीन वेटिंग.
मराठीत कसं सांगू?
'वाट बघत आहे' यात वर्षं मावत नाहीत.
मग आपसूक तोंडात आलं,
वाट बघत आलेय.
म्हणजे बघणंच चालत आलंय मागून,
बंदरावरून, बँकेच्या रांगेतून,
या जिन्याच्या अकरा पायऱ्या चढून.
"सिन्स लावूं काय फॉर, टीचर?"
फर्मिना बोटांवर काहीतरी मोजत होती.

सात वाजले. खाली शटर अर्धं ओढलं गेलं.
शाबी डस्टर घेऊन उभा, पुसू?
थांब, म्हटलं.
ती लिहितेय.