पांढऱ्या पक्षाचा

अंगणवाडीत मी बत्तीस पोरांची आई,
घरी एकाची, आणि तिथंच नापास.

सकाळी जनता वसाहतीतल्या पत्र्याच्या खोलीत
एकेकाला झोळीच्या काट्यात बसवते,
दंडाला पट्टी गुंडाळते: हिरवा, पिवळा, लाल.
आयांना सांगते, ताटात तीन रंग हवेत हं,
पालेभाजी सोडायची नाही, गूळ-शेंगदाणे द्या.
त्या माना डोलावतात.
त्यांना काय ठाऊक,
माझा सुजल फक्त पांढरं खातो.

भात. दूध. खिचडी, पण कूट न घालता.
इडली, चटणी नजरेआड ठेवली तर.
पोह्यातली मोहरी वेचतो
सोनाराच्या नजरेनं,
कोथिंबिरीची पानं ताटाच्या कडेला मांडतो
पंचनाम्याला मांडतात तशी,
आणि माझ्याकडे बघतो:
हे कोणी टाकलं?

मी टाकलं.
मीच पालक कणकेत लपवला,
गाजर इडलीच्या पोटात,
बिटाचं धिरडं केलं, म्हटलं बघ, गुलाबी!
"मग तू खा."
हा घास चिऊचा, हा घास काऊचा...
"मग त्यांनाच दे ना."
चार वर्षांचं पोर.
पर्वतीच्या पायऱ्या न दमता दोनदा चढतं,
पण चमचा तोंडापुढे आला
की ओठ असे मिटतात,
जसं दुपारी एकला आपल्याकडे शटर पडतं.

नवरा रिक्षा लावून येतो, म्हणतो,
खाईल गं, आपण नाही का वाढलो?
आणि कारल्याची फोड हळूच
पोळीखाली सारतो.
मी बघते. पोरगंही बघतं.

परवा भोसेकर मॅडमचा फोन, माहिती आजच्या आज भरा.
मोबाइलवर ते गोल फिरतंय, फिरतंय,
बत्तीस वजनं आत अडकलेली.
येताना मंडईतून सासवडचा वाटाणा आणला होता,
परातीत ओतून त्याच्यापुढे ढकलला:
सोल. मला वेळ नाही.
आणि खायचा नाही, उसळीला हवाय.

खरंच तसं म्हटलं. युक्ती नव्हती ती,
युक्त्या माझ्या केव्हाच संपल्या होत्या.

टच.
"आई, यात सात जण झोपलेत."
हं.
"एक बारका आहे. त्याला जागाच नाही."
हं, म्हटलं मी, अलफियाचं वजन टाकत,
दहा किलो आठशे.
मग बराच वेळ नुसतं टच, टच,
आणि मधेच एक आवाज
जो मला बत्तीस तोंडांनी शिकवलाय:
काहीतरी कोवळं, कच्चं
दाताखाली फुटल्याचा.

मान वळवली नाही.
नऊ महिने पोटात वागवला त्याला,
त्याहून जड होतं
ते न बघणं.
मानेत कळ आली. गोल फिरत राहिलं.
"ही रिकामीच होती."
असतात काही.
"ही पण."
हो का? फसवलं बाई मंडईवालीनं.

रात्री मोजलं. टरफलं एकाहत्तर,
वाटीत दाणे मूठभर.
उसळ झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी हुरूप येऊन मटारभात केला.
त्यानं दाणान् दाणा वेचून काढला,
कडेला रांग लावली,
बारका सगळ्यात शेवटी.
"हे शिजलेत," म्हणाला. "उठणार नाहीत आता."

बरं.
मी ताट उचललं, उरलेला भात उभ्यानंच खाल्ला,
रांगेतले दाणे बोटानं टिपले,
बारका मात्र गिळवेना.

संध्याकाळी परत मंडई.
कोवळा आहे ताई, कच्चाच खा, म्हणाली ती.
एक किलो घेतला,
आणि घरापर्यंत रस्ताभर
न बघण्याचा सराव केला.